घेता, ऐवज, पासून, पर्यंत

माझा उभा जन्म इतवारीत, लुगड्यांच्या दुकानात, गादीवर बसून गेला. तोंडाखेरीज माझ्याजवळ दुसरं भांडवल नव्हतं. साधं सुती लुगडं मी असं काही उलगडायचो, की समोरची बाई नवऱ्याकडे न पाहताच पदर खांद्यावर टाकून बघायची. ऊन तर आमच्याकडे इतकं पडायचं, की एका मे महिन्यात दुकानाच्या पाटीवरची अक्षरं वितळून नालीत वाहून गेली. मी ती वेचून पुन्हा चिकटवली. एक वेलांटी तेवढी सापडली नाही. हे खोटं आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी नागपुरात एक मे महिना काढावा आणि मग बोलावं.

हे आधीच सांगून टाकलं, कारण आता जे सांगणार आहे ते माझ्या थोरल्या भावाचं आहे. मी मीठमसाला लावणारच, हात थांबत नाही. पण कुठे लावला आणि कुठे नाही, ते वाचणाऱ्याला कळेल.

दादा नागपुरातच, महाल भागातल्या एका शाळेत इंग्रजी शिकवायचा. अंगाने काडी, आवाज मात्र नगाऱ्याचा. बाराही महिने काळा कोट. त्या कोटाच्या खिशांत खडूची इतकी भुकटी साठायची, की वहिनी दिवाळीत तिचीच रांगोळी घालायची आणि वर पुन्हा शेजारी उसनी द्यायची.

त्या काळात, म्हणजे साठ-सत्तरच्या सुमारास, आमच्याकडच्या पोट्ट्यांना इंग्रजी शिकवणं म्हणजे म्हशीला झोपाळ्यावर बसवणं होतं. 'मी जेवतो आहे' याला 'मी जेवून राहिलो' म्हणणं हे आमचं रोजचं बोलणं. पोट्टे ते उचलून जसंच्या तसं इंग्रजीत नेऊन ठेवत: 'आय ईटिंग रिमेन्ड.' एकदा तपासणीला साहेब आले. त्यांनी एका पोट्ट्याला विचारलं, काय करतोस? तो ताठ होऊन म्हणाला, "आय स्टँडिंग रिमेन्ड, सर." साहेबांना वाटलं, हा पोरगा मागच्या तपासणीपासून उभाच आहे. त्यांनी शेरा मारला, की शाळेत बाकांची टंचाई दिसते. पुढच्याच महिन्यात गाडीभर बाकं आली. दादा म्हणायचा, "चुकलेलं इंग्रजीसुद्धा फुकट जात नाही गा."

दादाचं सगळं शिकवणं एका गोष्टीवर उभं होतं. तो म्हणायचा, "क्रियापद म्हणजे लग्नघर. पंगतीत किती पानं मांडायची ते लग्नघर ठरवते, वऱ्हाडी नाही. 'स्लीप'च्या घरी एकच पान, झोपणाऱ्याचं. 'गिव्ह'च्या घरी तीन पानं. देणारा, दिलेली चीज, अन् घेणारा. एक पान जरी कमी मांडलं तरी पंगत उठत नाही, लोक ताटकळून राहतात."

आणि सगळ्या लग्नघरांत त्याचं लाडकं घर होतं 'टेक'. एवढंसं क्रियापद, पण दादा त्याला अख्खा महिना द्यायचा. बाकीचे मास्तर तोवर तीन धडे पुढे गेलेले असायचे. "जाऊ द्या त्यायले," दादा म्हणायचा. "त्यायची गाडी रिकामी पळून राहिली. माझी भरलेली हाय."

'टेक'ची भानगड अशी, की आपण जिथे घेतो तिथेही ते 'टेक', आणि जिथे नेतो तिथेही 'टेक'. चहा घेतला तरी तेच, लेकराला शाळेत नेलं तरी तेच. फोटो काढला, आंघोळ केली, रिक्षा पकडली, मनाला लावून घेतलं, सगळीकडे हा हजर. घेणं म्हटलं की आपल्याकडची नजर जिथून घेतलं तिकडे जाते, नेणं म्हटलं की जिथे न्यायचं तिकडे. इंग्रजाला त्याची फिकीर नाही. तो दोन्ही टोकांना एकाच दोरीनं बांधतो. परीक्षेचं तर दादा तिखटमीठ लावून सांगायचा: "आपल्याकडं पोट्टा परीक्षा देते अन् मास्तर घेते. त्यांच्याकडं पोट्टाच घेते! म्हणजे पाहा, परीक्षा एकच, पेपर तोच, नापास होणारा गधाही तोच, पण कोण दाता अन् कोण घेता हे पार उलटं."

हे फळ्यावर लिहून डोक्यात जायचं नाही. म्हणून दादा चार पोरं फळ्यापुढे उभी करायचा आणि त्यांची नावं ठेवायचा. जो घेतो किंवा नेतो तो 'घेता'. जे नेलं जातं ते 'ऐवज'. जिथून नेलं ते 'पासून'. जिथे नेलं ते 'पर्यंत'. मग दादा नगारा वाजवायचा: "टेक!" आणि 'घेता' 'ऐवजा'ला पाठीवर मारून 'पासून'कडून 'पर्यंत'कडे घेऊन जायचा. सगळा वर्ग ओरडून वाक्य म्हणायचा. ऐवजाला एकच नियम होता, त्यानं तोंड उघडायचं नाही. तरी ऐवज व्हायला मारामारी. पाठीवर बसून वर्गभर फिरायला कोणाला नको? एका वर्षी सगळ्यात जाड पोरगा ऐवज झाला आणि घेत्याच्या चड्डीचं बटण तुटून ते खिडकीतून बाहेर गेलं, समोरच्या हलवायाच्या कढईत पडलं आणि तळून निघालं.

'इट टुक थ्री डेज' हे वाक्य आलं की घेत्याच्या जागी रिकामी खुर्ची. पोरं विचारायची, "सर, इथं कोण?" दादा म्हणायचा, "इथं कोणी नाही. पण पान मांडावंच लागते."

ही नावं पोरांना अशी चिकटली, की इतवारीत एक किराणा दुकानदार आहे, पन्नाशी उलटलेला, त्याला सगळी गल्ली अजून 'पर्यंत' म्हणते. त्याच्या बायकोला 'पर्यंतीण'. ती रागावत नाही. लग्नाआधी तिला तेवढंच नाव माहीत होतं.

रविवारी सकाळी मी दादाकडे जायचो. तर्री-पोहे आणि वर दादाचं 'टेक'. वहिनी पोह्याची प्लेट आपटून म्हणायची, "अवो, तुमच्या त्या टेकचे चाळीस अर्थ हायत म्हणता. त्यात एखादा पिशवी घेऊन बाजारात जाणारा अर्थ हाय का?"

"हाय ना," दादा म्हणायचा. "पण त्याले घेता लागते. मी पर्यंत हावो."

"पर्यंत नाही, पलंग हाय तुम्ही," वहिनी म्हणायची. आणि स्वतःच पिशवी घेऊन जायची.

त्यांना मूलबाळ नव्हतं. दादा पन्नाशीच्या आतबाहेर होता. एका सकाळी दाढी करता करता त्याचा वस्तरा खाली पडला. उचलायला वाकला तो तसाच कलला. वहिनीनं शेजारच्या पोराला सायकलवर दुकानात पिटाळलं. मी पोहोचलो तेव्हा दादाच्या अर्ध्या गालाला साबण होता आणि उजवा हात दुसऱ्याच कोणाचा असल्यासारखा बाजूला पडला होता.

सायकलरिक्षात मध्ये दादा, एका बाजूने मी, दुसरीकडून वहिनी, असं आम्ही त्याला धंतोलीत नेलं. धंतोलीत तेव्हाही घर संपलं की दवाखाना आणि दवाखाना संपला की औषधाचं दुकान. व्हरांड्यात चंद्रपूर-यवतमाळकडचे लोक गाठोड्यांसकट बसलेले. मी डॉक्टरांना सांगायला सुरुवात केली. वस्तरा कसा पडला, आरसा कसा होता, लहानपणी दादा आंब्यावरून पडला होता ते. डॉक्टर म्हणाले, "तुम्ही कोण?"

"भाऊ."

"मग भावासारखे गप्प बसा."

दादा जगला. पाय हळूहळू जमिनीला लागू लागला. हात नाही. आणि तोंड बंद. नगाऱ्याचं कातडं फाटावं तसं. डोळ्यांत सगळं असायचं, ओठ हलायचे, बाहेर नुसती हवा यायची. मग एका दुपारी तो स्पष्ट म्हणाला, "पाणी."

वहिनीनं पाणी दिलं नाही. ती आधी धावत बाहेर गेली, पेढे घेऊन आली आणि सगळ्या वॉर्डाला वाटले. ज्यांना साखर बंद होती त्यांनाही. नर्स ओरडली, तर तिच्याही तोंडात एक कोंबला. मग दादाला आठवणीनं पाणी मिळालं.

त्यानंतर रोज एकदोन शब्द आले. चष्मा. खिडकी. कावळा. नर्सकडे बघून "टोपी", टेबलाकडे बघून "टेबल", आणि इंग्रजी परत येतंय म्हणून आम्ही आणखी पेढे आणले. मी सगळ्यांना सांगत सुटलो, की दादा आता पहिल्या पानापासून डिक्शनरी म्हणतोय, परवा 'सी' अक्षर संपवलं.

एक जुने मास्तर भेटायला आले. "काय, कसं काय?" त्यांनी विचारलं. दादा म्हणाला, "पलंग. पाय. मुंग्या." मी ताबडतोब चादर उपसली, गादी उलटी केली, मुंग्या शोधल्या. वहिनीनं पायाला हात लावला आणि चोळायला बसली. तिला कळलं होतं, पाय जड होऊन झिणझिणतोय. चोळता चोळता ती माझ्याकडे पाहून हळूच म्हणाली, "भाऊजी, हे नुसती नावंच बोलून राहिले. तुमच्या ध्यानात आलं का?"

माझ्या ध्यानात आलं नव्हतं. मी पेढ्यांच्या मागे होतो.

डॉक्टरांनी सांगितलं, की असं होतं. वस्तूंची, माणसांची नावं सुटून वर येतात. करण्या-होण्याचे शब्द खाली अडकून राहतात. काहींचे येतात, काहींचे येत नाहीत. "बोलत राहा त्यांच्याशी," ते म्हणाले. आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "आता बोला हवं तेवढं."

दादाकडे माणसं होती, वस्तू होत्या, गावं होती, मराठीतही आणि इंग्रजीतही. ये, जा, दे, घे, हस, रड, यातलं काही नव्हतं. पंगत बसलेली, पानं मांडलेली, आणि ज्या घरचं लग्न ते घरच जागेवर नाही. कोणाच्या वाट्याला काय यावं याला काही ताळमेळ नसतो. एखादा लोणच्याचा व्यापारी असता तर त्याचं नावांवर भागलं असतं.

घरी आल्यावर आम्ही त्याची शाळा त्याच्यावरच चालवली. सकाळी दुकान उघडायच्या आधी मी जायचो. मधल्या खोलीत वहिनी घेता, उशी ऐवज, मी पर्यंत. वहिनी उशी उचलून माझ्याकडे आणायची आणि आम्ही दोघं दादाच्या तोंडाकडे बघायचो. "वहिनी," तो म्हणायचा. तीही आता त्याच्या तोंडी वहिनीच झाली होती, माझं ऐकून ऐकून. "वहिनी. उशी. भाऊ." आणि मध्येच थांबून हवेत डावा हात फिरवायचा, जिथे शब्द असायला हवा तिथे.

एकदा वहिनी आणि मी त्याला पलंगावरून खुर्चीवर नेत होतो. मी काखेत हात घालून, ती पायांकडून. अर्ध्या वाटेत दादानं डावा हात स्वतःच्या छातीवर ठेवला आणि म्हणाला, "ऐवज." आणि हसला. तोंडाची एकच बाजू हसली. वहिनीला हसू आणि रडू एकदम आल्यानं तिचे हात सुटले आणि दादाचे पाय धपकन खाली आले. "पाय," दादा म्हणाला. "बाई!"

मग माझ्या ध्यानात आलं, की मला एक काम जमतं. दादानं नावं द्यायची आणि क्रियापदं मी घालायची. चूक असेल तर तो मान हलवील. तो म्हणायचा, "वहिनी. मांजर. दूध." आता साधा माणूस विचारेल, मांजरीनं दूध पिलं का? मी विचारायचो, "वहिनीनं मांजरीचं दूध काढलं?" मान हलायची. "मांजरीनं वहिनीले दूध पाजलं? वहिनी दूध पिऊन मांजर झाली?" दादा डाव्या हातानं मांडीवर चापट मारायचा, खुर्ची हलेपर्यंत हसायचा. आतून वहिनी ओरडायची, "तुमच्या जिभेले काही हाड हाय का नाही, भाऊजी! मांजरीनं पातेलं सांडवलं, हे सांगून राहिले ते!"

सारा पावसाळा असाच गेला. मी रोज खोटी क्रियापदं घेऊन जायचो, जशी दुकानातली लुगडी, एकामागून एक उलगडायची आणि गिऱ्हाइकाची नजर कुठे थांबते ते बघायचं. कधी खरी वस्तू लागायची, बहुतेकदा नाही. पण त्याला आपलं आपल्यापुरतं बोलता येत होतं.

दसऱ्याच्या आसपास हेडमास्तर आले. भला माणूस. खुर्चीच्या टोकावर बसून चहाच्या बशीकडे बघत बोलले, की शाळेनं जागा धरून ठेवली आहे, पण मॅट्रिकची पोरं आहेत, किती दिवस मास्तराविना ठेवणार. दिवाळीच्या सुट्टीनंतर दादानं एक तास घेऊन पाहावा. जमलं तर जागा त्याचीच. नाही जमलं तर नवीन मास्तर आणावा लागेल.

"शाळा," दादा म्हणाला. दोनदा म्हणाला. हेडमास्तर गेल्यावर तिसऱ्यांदा, वहिनीकडे बघून, जसं पोर जत्रेला जायचं म्हणतं तसं.

त्या दिवसापासून त्यानं माझी क्रियापदं घेणं बंद केलं. मी सुरू केलं की डाव्या हातानं माझं तोंड दाबायचा. त्याला स्वतःचं हवं होतं. सकाळी उठून दाढी, डाव्या हातानं, गालभर कापून घेत. काठी घेऊन अंगणात चकरा. मग खुर्चीवर बसून ओठ जुळवायचे, सोडायचे. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहायची, पुढे यायची नाही.

एका सकाळी तिनं चहाचा कप त्याच्यापुढे धरला. दादा कपाकडे बघून म्हणाला, "घे..."

वहिनी थिजली. मी पोहे तोंडात तसेच धरून बसलो. "घे," तो पुन्हा म्हणाला, आणि पुढचं काहीतरी गळ्याशी आलं, मान ताणली गेली, कपाळावर शीर उभी राहिली. वहिनीनं कप हलवला नाही. चहावर साय आली, सायीला सुरकुती पडली. मग त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि त्यानं तोंड भिंतीकडे फिरवलं.

"आलं होतं," वहिनी मला बाहेर येऊन म्हणाली. "दाराशी आलं होतं भाऊजी. येईल. एकदा दार पाहून गेलं ते पुन्हा येते."

मी म्हणालो, "येईल म्हणजे? वरात घेऊन येईल." मी तसंच म्हणणार.

सुट्टी संपली. वहिनीनं कोट झटकला, तर खिशातून भुकटीचा ढग उडाला आणि तिला शिंका आल्या. तिनं दादाला कोट घातला, उजवा हात आधी बाहीत ओवून, मग डावा. ती शाळेत आली नाही. "मी काय करू तिथं," म्हणाली. "मी स्वयंपाक करून ठेवतो." बायकांनी करतो, येतो म्हणायची आमच्याकडची रीत. पदराला हात पुसत ती फाटकापर्यंत आली आणि रिक्षा वळेपर्यंत उभी राहिली.

हेडमास्तरांनी मला मागच्या बाकावर बसू दिलं. पोरं नववीची होती. दादा आत आला तसे सगळे उभे राहिले आणि बसायचं विसरले. दादानं काठी टेबलाला टेकवली. कोणीतरी कुजबुजलं, "सर पोट्टे उभे करतात पाह्य आता." वर्गाला खेळ माहीत होता, थोरल्या भावांकडून ऐकलेला.

दादानं डावा हात उचलला. एका उंच पोराकडे बोट केलं. "घेता." आवाज पूर्वीचा नव्हता, पण होता. पोरगा उडी मारून पुढे आला. "ऐवज." एक बारकं, दात पुढे असलेलं पोरगं. त्याला दुसऱ्यांनी ढकललंच पुढे. "पासून." "पर्यंत." चार जण फळ्यापुढे उभे राहिले. ऐवज तर सांगायच्या आधीच घेत्याच्या पाठीवर चढून बसला. वर्ग खिदळला. दादाही हसला. मला वाटलं, जमलं. मी मनातल्या मनात पेढ्यांची ऑर्डर दिली, शेराची नाही, मणाची.

दादानं श्वास घेतला आणि तोंड उघडलं.

काही आलं नाही.

वर्ग थांबून राहिला. दादाचा हात हवेत होता. मग पुढच्या बाकावरच्या एकानं मदत केली, "टेक, सर!" दादानं मान हलवली. नाही. "टुक, सर!" नाही. "गिव्ह!" "ब्रिंग!" "सेंड, सर!" "कॅरी!" पोरांना वाटलं हा नवीन खेळ आहे. जेवढी येत होती तेवढी क्रियापदं त्यांनी फळ्याकडे फेकली, लग्नात अक्षता पडाव्यात तशी. माझ्याही जिभेवर होती, त्यांच्यापेक्षा जास्त होती. मी दोन्ही हातांनी बाकाची कड धरून ठेवली. दादा प्रत्येकाला मान हलवत होता. कोणतं हवं होतं ते मला कळलं नाही. आजही माहीत नाही. कदाचित त्याला 'टेक'च हवं होतं, पण पोरांच्या तोंडून नको होतं.

हळूहळू पोरं गप्प झाली. ती चौघं मात्र उभीच. घेत्याचे पाय थरथरायला लागले, पण त्यानं ऐवजाला खाली ठेवलं नाही. सर म्हणाले नव्हते. ऐवज गालात हवा भरून बसला होता, त्यानं बोलायचं नव्हतं. 'पर्यंत'नं दोन्ही हात पुढे पसरून ठेवले होते, त्याच्याकडे येणारं घ्यायला.

घंटा झाली. कोणी हललं नाही. दादा चालत त्यांच्याजवळ गेला, डावा हात ऐवजाच्या कमरेला लावला आणि त्याला खाली उतरवलं. त्याचा सदरा सरळ केला. घेत्याच्या पाठीवर थाप मारली. मग काठी घेऊन बाहेर पडला. मी मागून धावलो. हेडमास्तर व्हरांड्यात होते. त्यांनी नुसते हात जोडले.

रिक्षात दादा समोर बघत बसला होता. मी बाजारातलं, पोरांचं, नव्या दुकानांचं काय काय बोलत होतो, मलाच ऐकू येत नव्हतं. महाल मागे पडला आणि मला वहिनी दिसू लागली. फाटकात उभी असणार. विचारणार, काय झालं? रिक्षा वळेपर्यंत मी माझी तयारी केली.

ती फाटकातच होती. "काय झालं वो?"

"काय झालं म्हणजे?" मी रिक्षातूनच सुरू केलं. "वहिनी, तुम्ही पाह्यलं पाहिजे होतं! दादा उभा राहिला अन् पोट्ट्यांनी टाळ्या वाजवल्या, तर वरची कौलं सरकली. मग 'टेक' म्हणाला तो, असा म्हणाला, की हेडमास्तर आपल्या खोलीतून पळत आले, डोळे पुसत. म्हणे, असा आवाज आम्ही..."

"थांबा भाऊजी," वहिनी म्हणाली.

मी थांबलो नाही. "अन् पोरं तर सोडतच नव्हती. एकानं पाय धरले..."

"थांबा म्हणतो ना मी." ती रागावली नव्हती. तिनं दादाला हात देऊन उतरवलं, ओट्यावर आणलं, खुर्चीवर बसवलं, कोट काढला. मग स्वतः त्याच्या पायाशी खाली बसली. मला म्हणाली, "बसा. यायले स्वतः सांगू द्या."

मी पायरीवर बसलो.

दादानं अंगणाकडे पाहिलं. मग बोलू लागला. "फळा," तो म्हणाला. वहिनीनं मान डोलावली. "पोरं." "बरं." "घेता. ऐवज. पासून. पर्यंत." एकेक नाव म्हणताना तो हवेत एकेक पोरगं उभं करत होता, उंच, बारकं, त्याच्या शेजारी एक, तिकडे एक. "खांदा. पाय. घाम." वहिनी ऐकत होती, जशी कीर्तनात ऐकतात तशी, पुढे काय याची घाई न करता. मी तोंड उघडलं आणि तिनं माझ्याकडे न बघताच हात वर केला.

"तोंड," दादा म्हणाला. आणि मग काही वेळ काहीच म्हणाला नाही. त्या वेळात कोणी काही घातलं नाही.

"मग?" वहिनीनं विचारलं.

"घंटा."

"आणखी?"

त्यानं विचार केला. "पोरं," तो म्हणाला. "पोरं. घंटा. पोरं."

"हो," वहिनी म्हणाली. "समजलं मले." तिनं त्याचा उजवा हात आपल्या हातात घेतला, बोटं एकेक सरळ केली, तळव्यावर तळवा ठेवून बसली. आत भाजी करपल्याचा वास यायला लागला होता. उठावं असं तिघांपैकी कोणालाच वाटलं नाही.